निरोपाचा बास्केट

अमरावतीच्या डॉक्टरांनी ताईचं पाऊल टेबलावर दाबून धरलं आणि गुडघ्याखालचं हाड दोन्ही हातांनी पुढे ओढलं. हाड सरकलं. किती सरकलं ते मला कळलं नाही, पण डॉक्टरांचा चेहरा बदललेला कळला. ताई वरच्या पंख्याकडे बघत होती.

"जुनं ऑपरेशन थोडं ढिलं पडलंय," डॉक्टर म्हणाले. "ते एक वेळ चालेल. पण आतली गादी फाटलीय. आज आहे एवढीच राहिली तर शिवता येईल. आणखी फाटून मध्ये अडकली तर कापून काढावी लागेल. मग जिना उतरताना कायम कठडा धरायचा. पोरांना शिकवायचं तेही खुर्चीत बसून."

"दिवाळीनंतर एक मॅच आहे," ताई म्हणाली.

"जा ना बघायला."

"बघायला नाई, खेळायला."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उडी मारून या पायावर उतरलात, की पुढचं मला विचारू नका." मग ते माझ्याकडे वळले. मी धाकटी बहीण आहे असं त्यांना वाटलं असावं. "तुम्ही समजवा यांना."

मी मान हलवली. समजावणं मला जमणार नाही हे मान हलवतानाच माहीत होतं.

बाहेर आल्यावर ताईला गिला वडा हवा होता. अमरावतीला आली की तिला तो लागतोच. गाडीजवळ उभी राहून, उजवा पाय जरा बाजूला ठेवून, ती दह्यातला वडा चमच्यानं तोडत होती. मी प्लेट नुसती हातात धरून होते.

"खाय ना. गुडघा माहा फाटला, तुहं तोंड काहून असं झालं?"

"दादांना काय सांगायचं?"

"काही नाई सांगाचं. त्याले समजलं तर तो ग्राउंडच्या गेटले कुलूप लावीन. म्हनून तं तुले सोबत आनलं. तू बोलत नाई."

ताई माझी सख्खी बहीण नाही. अकोल्यात तिला सगळेच ताई म्हणतात, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. तिचं घर जुन्या शहरातलं, फुलांच्या धंद्याचं; तिचे थोरले भाऊ, दादा, अजून तोच धंदा करतात. लहानपणी ती पहाटे हार ओवायची आणि बोटांना शेवंतीचा वास घेऊनच ग्राउंडवर जायची. शाळेच्या टीममधून जिल्ह्याच्या, मग राज्याच्या टीममध्ये गेली. रेल्वेनं खेळाडू म्हणून नोकरी दिली तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. आणि काही वर्षांनी तिनं ती नोकरी सोडली तेव्हा त्याच गल्लीत लोक दादांना थांबवून विचारायचे, "खरं हाय का गा? पक्की नोकरी सोडून बॉलच्या मांगं गेली?"

खरं होतं. दक्षिणेतल्या एका क्लबनं तिला करारावर घेतलं होतं. करार म्हणजे एका हंगामापुरतं काम. चांगली खेळलीस तर पुढचा हंगाम, नाही तर घर. तिच्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "आनखी काय करा लागते तुले तिथं?" ती फोनवर विचारायची. "निस्तं खेळ्याचा कोन पगार देते?" ताईनं तो पगार बरीच वर्षं घेतला. मधले दोन हंगाम ती परदेशातल्या क्लबकडूनही खेळली. तिच्या खेळाचे व्हिडिओ आमच्या ग्राउंडवरच्या प्रत्येक पोराच्या मोबाइलमध्ये आहेत. ती धावत येते, एकदम थांबते, सरळ वर उडते आणि वरच, क्षणभर लटकल्यासारखी असताना, बॉल सोडते. आमची पोरं त्याला नुसतं 'ताईचं उडणं' म्हणतात.

तिचा उजवा गुडघा अशाच एका उडीवरून उतरताना गेला. दवाखान्यात पडलेली असतानाच क्लबचा निरोप फोनवर आला की पुढचा करार होणार नाही. ज्या मैदानावर ती इतकी वर्षं खेळली तिथं तिला कुणी निरोपाचा नमस्कारसुद्धा केला नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही बुटाची नाडी बांधता बांधता.

मग ती अकोल्याला परत आली आणि आमच्या सिमेंटच्या ग्राउंडवर सकाळी पोरांना शिकवायला लागली. आम्हाला तिनं बॉल हातात द्यायच्या आधी कितीतरी दिवस नुसतं उतरायला शिकवलं. ओट्यावरून उडी मारायची, दोन्ही पायांवर आवाज न करता उतरायचं, गुडघे आत वळता कामा नयेत. शेजारच्या बाया म्हणायच्या, "बास्केटबॉल शिकवते का बेडूक करते पोट्ट्याईले?"

मी पातूरकडच्या एका गावातली. आमची भाजीची वाडी आहे. अकोल्याला आत्याकडे शिकायला राहिले तेव्हा ताईनं मला पाहिलं आणि पॉइंटला खेळायला लावलं. आज मी अमरावतीच्या कॉलेजात आहे ते तिच्यामुळे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अजूनही तिथं काही बोलायचं असलं की आधी मनात दोनदा म्हणून बघते. पॉइंटला खेळणाऱ्या मुलीला हे चालत नाही, असं ताई म्हणते. बॉल तिच्याच हातात जास्त असतो आणि कुणाला द्यायचा ते तिनंच ठरवायचं असतं.

त्या दिवाळीनंतरच्या मॅचचं असं आहे. अकोला आणि अमरावतीचे जुने-नवे खेळाडू सणाला गावी आले की एक मॅच होते, एका वर्षी तिकडे, एका वर्षी आमच्याकडे. आणि त्या मॅचची एक रीत आहे. ज्या खेळाडूनं खेळ थांबवायचं ठरवलं असेल, त्याच्या टीमचा पहिला बास्केट त्याचा. त्याचा होईपर्यंत टीममधल्या दुसऱ्या कुणी रिंगकडे बॉल मारायचाच नाही. समोरच्या टीमनं मात्र पूर्ण जोर लावून अडवायचं. मुद्दाम सोडून दिलेला बास्केट कुणी निरोपाचा मानत नाही. बास्केट झाला की तो खेळाडू स्वतःहून बाहेर येतो, घरचं माणूस हार घालतं, आणि पुढे मॅच सुरू राहते. हे कुठं लिहिलेलं नाही. पण एका वर्षी एका मुलानं घाईत आधी बॉल मारला होता, त्याला अजून लोक त्यावरूनच ओळखतात.

यंदा ताईनं स्वतःचं नाव सांगितलं होतं.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेले. दादा पुढच्या खोलीत शेवंती ओवत बसले होते. त्यांची मान वर झाली नाही, सुई चालूच होती.

"अमरावतीचा डॉक्टर काय म्हन्ला?"

मी ताईकडे बघितलं. ती दारात टेकून उभी होती, अगदी सहज.

"आराम करा म्हणाले," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"मंग? करते का हे आराम?"

"हाव ना," ताई म्हणाली. "मॅच झाली का झोपूनच राहातो."

"सूज हाय का काही?"

"दादा, तू फुलाईकडे पाय. हार लांब पाहिजे मले. तुह्या गिऱ्हाइकाले देतो तसा बोटभर नोको."

दादा हसले. मला हसता आलं नाही. त्या रात्री आत्याकडे मी जेवण अर्धं टाकलं. सांगावं तर ताईचा विश्वास जाईल, आणि ज्या एका बास्केटची ती वाट बघत होती तोही जाईल. न सांगावं तर तिचा पाय. सकाळी ग्राउंडवर ओट्यावरून उडी मारून दाखवणारी ताई खुर्चीत बसलेली मला दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला ग्राउंडवर बोलावून सगळं समजावलं. रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याच्या डाव्या कडेला ती उभी राहणार. "मी हालत नाई. तू बॉल बरोबर इथं द्याचा," तिनं छातीवर हात ठेवला. "वर आला तर मले उडा लागीन. खाली आला तर वाका लागीन. इथं. बस. एक पास, झालं काम."

"आणि मग तू उडणार नाहीस?"

ती काही बोलायच्या आत पोरांचा घोळका आला. "ताई, उडून मारान ना? आमी व्हिडिओ काढून राहिलो!" ताईनं त्यांच्याकडे बघितलं. "पाहू," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी व्हिडिओत बघितलं होतं. बॉल हातात यायच्या आधीचं. मला तिथंच वाटलं, ही उडणार.

मॅचच्या दिवशी ग्राउंडच्या भिंतीवरसुद्धा माणसं बसली होती. दादा पुढच्या रांगेत होते, मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला हार. ताईसमोर अमरावतीची एक उंच शिक्षिका होती. दोघी एके काळी एकाच टीममध्ये खेळलेल्या.

"सोडत नसतो मी," शिक्षिका म्हणाली.

"सोडशीन तं बोलनार नाई तुह्यासंग," ताई म्हणाली.

शिट्टी झाली आणि बॉल माझ्याकडे आला. ताई ठरल्या जागी जाऊन उभी राहिली. पाठीनं शिक्षिकेला मागं रेटून धरलेलं, दोन्ही हात छातीसमोर उघडे. पास स्वच्छ दिसत होता. मागून पोरं ओरडत होती, "उडून! उडून!"

मी पास दिला नाही. बॉल तिच्या हातात गेला की ती उडणार, आणि उडाली की उतरणार. बॉल माझ्या हातात आहे तोवर तिचा पाय सुरक्षित आहे, असं मला वाटलं. मी बॉल बाजूच्या मुलीला दिला. तिला मारायची परवानगी नव्हती, तिनं तो मला परत दिला.

रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. शिक्षिकेनं पुढं येऊन ताईला झाकलं, तशी ताई पट्टा ओलांडून उजव्या कडेला गेली. तिथून हात दाखवला. मी पुन्हा बॉल बाहेरच फिरवला. ती पुन्हा डावीकडे आली.

"अवो, ताईले दे ना बाप्पा!" दादांचा आवाज मला ओळखू आला.

"अमरावतीची झाली वाट्टे पोट्टी!" भिंतीवरून कुणीतरी म्हणालं. "तिकडचंच मीठ खाऊन राहिली ना!"

"कॉलेजात जाऊन पासच इसरली!"

आमच्या ग्राउंडवर बॉल मारायची मुदत मोजणारं चोवीस सेकंदांचं घड्याळ नाही, त्यामुळे वेळ संपून माझी सुटकाही होईना. शेवटी माझ्या अंगावर आलेल्या मुलीनं बॉल हिसकावला आणि तिकडे जाऊन बास्केट केला. आमची टीम मागं धावली, ताईसुद्धा. मग पुन्हा पुढं. पुन्हा तेच. अमरावतीचे गुण वाढत होते आणि आमच्या पाटीवर शून्य होतं. माझ्या टीममधल्या मुली माझ्याकडे बघेनाशा झाल्या.

माझ्याजवळून जाताना ताई दात आवळून म्हणाली, "काय पाहून राहिली? दे."

"ताई, तू उडशील," मी म्हटलं. ते तिला ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. ती पुढं निघून गेली होती.

मग ते झालं. ताई पट्टा ओलांडून डावीकडे येत होती, शिक्षिका तिच्या अंगाला घासून चाललेली, आणि कडेशी वळताना ताईचा उजवा गुडघा आत गेला. थोडासाच. तिचा हात एकदम मांडीवर आला आणि लगेच सुटला. बघणाऱ्यांना कुणालाच कळलं नाही. मला कळलं, कारण मी तेवढंच बघत होते.

ती उडाली नव्हती. बॉल तिच्याकडे गेलासुद्धा नव्हता. तो गुडघा आडवं जाताना वाकला होता, वळताना, आणि तिला या कडेवरून त्या कडेला मीच पाठवत होते. एका जागी उभं राहून एक पास घेणार होती ती. मी न दिलेल्या प्रत्येक पासामागं तिला तो पट्टा पुन्हा ओलांडावा लागत होता, आणि बॉल गेला की पूर्ण ग्राउंड धावावं लागत होतं.

आता द्यायलाच हवा होता आणि आता तो अवघड झाला होता. शिक्षिकेला माझा घाबरटपणा कळून चुकला होता, ती हात पसरून अर्धी पुढं आली होती. तिच्या डोक्यावरून टाकला तर ताईला उडावं लागलं असतं. टप्पा देऊन टाकला तर त्याच गुडघ्यावर वाकावं लागलं असतं. मी उजवीकडच्या मुलीकडे बघितलं, बॉलसकट हात तिकडे नेले, खांदा वळवला. शिक्षिकेचा एक हात त्या बाजूला गेला. मी बॉल सोडला.

सुटल्याबरोबर मला कळलं की तो जरा वर गेला.

ताईच्या टाचा उचलल्या गेल्या. फक्त टाचा. बोटांच्या टोकांवर तिनं तो पकडला आणि छातीशी ओढून घेतला. टाचा खाली टेकल्या. तेवढ्यात पोरांनी आरडाओरडा केला, आणि इतकी वर्षं ताईचं उडणं ओळखणारी शिक्षिका तिच्याआधीच वर उडाली, दोन्ही हात उंच करून. ताई जमिनीवरच होती. डाव्या पायावर ती हळूच वळली, एखादी बाई चुलीवरच्या पातेल्याकडे वळावी तशी, आणि बॉल रिंगमागच्या फळीवरच्या चौकोनाला लावला. फळीवरून तो जाळीत पडला.

सगळे जे बघायला आले होते ते झालंच नव्हतं. मोबाइल धरलेला एक पोरगा म्हणाला, "हे काय? उडलीच नाई!" मग शिक्षिकेनंच आधी टाळ्या वाजवल्या आणि मग ग्राउंडवर एकच गोंधळ झाला. ताईनं गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाकडे बघून हात वर केला, बदली मागितली, आणि चालत बाहेर गेली. लंगडत नव्हती. फार सावकाश चालत होती.

आम्ही ती मॅच हरलो. शेवटची शिट्टी झाल्यावर मी बाकाशी गेले तेव्हा तिच्या गळ्यात गुडघ्यापर्यंत येईल एवढा हार होता आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी.

"मले एक सांग," ती म्हणाली. "तू मले वाचवून राहिली होती, का पळवून राहिली होती?"

मी तिच्या गुडघ्यावरची बर्फाची पिशवी नीट बसवली.

"माह्यावर भरोसा नव्हता तुहा?"

"पोरं ओरडत होती. तुझा चेहरा—"

"चेहरा तं होनारच ना तसा!" ती पहिल्यांदाच जोरात बोलली. "मन तं म्हनेच की उड. पन मी इतकी वर्षं पगार घेतला खेळ्याचा. मन म्हनते तसं खेळाले कोनी पगार देत नाई."

दादा बाजूला उभे होते. त्यांनी बर्फाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "डॉक्टर निस्तं आराम कर नव्हता म्हन्ला ना?"

मी ताईकडे बघितलं नाही. गादी, शिवणं, कापणं, कठडा, सगळं सांगितलं. दादा ऐकत होते. मग त्यांनी ताईच्या गळ्यातला हार काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "चाल. आजच जाऊ अमरावतीले." घरी येताच त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. त्यांना त्याच दिवशी निघायचं होतं, डॉक्टरांनी दोन दिवसांनंतरची वेळ दिली.

ऑपरेशनच्या दिवशी दादा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत जायच्या आधी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की शिवायचं की काढायचं हे आत बघितल्याशिवाय कळणार नाही. दादांनी चहा आणून दिला. मला सारखा तो पट्टा दिसत होता आणि या कडेवरून त्या कडेला जाणारी ताई. ती किती वेळा गेली ते मी मोजलं नव्हतं, याचं बरं वाटत होतं.

डॉक्टर बाहेर आले. "शिवलं," ते म्हणाले. मग दादांचा चेहरा बघून थोडं हसले. "फाटलेलं मागच्या स्कॅनच्या फोटोपेक्षा जरा वाढलंय. पण शिवता आलं. तीन-चार महिने कळ काढा."

दादांनी डोळ्यांवरून रुमाल फिरवला. ते "जरा वाढलंय" माझ्याजवळ राहिलं. ते त्या दिवशी वाढलं की आधीच वाढलेलं होतं, हे कुणी सांगू शकणार नाही. मी डॉक्टरांना विचारलंही नाही.

ताईला खोलीत आणलं तेव्हा कमरेखाली भूल होती आणि तिला धड जागही नव्हती. दुपार कलल्यावर तिनं डोळे उघडले. ओठ कोरडे झाले होते.

"शिवलं का काढलं?"

"शिवलं," मी म्हणाले.

"खरं सांगून राहिली, का मले बरं वाटावं म्हनून?"

"खरं. दादांना विचार."

तिनं दादांकडे बघितलं. दादा खिडकीशी उभे होते. "शिवलं म्हन्ते ना ते," ते म्हणाले. "आता तरी आयक कोनाचं."

ताईनं नजर पायांकडे वळवली. बराच वेळ ती पांघरुणाच्या टोकाकडे बघत पडून राहिली, कपाळाला आठ्या घालून, जसं एखादं अवघड काम चाललं असावं. मी उठून जवळ गेले. पांघरूण हलत नव्हतं. मग उजव्या पायाचा अंगठा हलला, थांबला, आणि परत हलला.